१.०३४ वर अडून बसलेलं यीस्ट

सेझाँ या बेल्जियन बीअरचं यीस्ट चौथ्या दिवशी संपावर जातं. आधीचे तीन दिवस ते इतकं उधळलेलं असतं की फेस झाकणाला टेकतो, आणि मग रातोरात सामसूम होते. फेस बसतो, बुडबुडे थांबतात आणि द्रवाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारा हायड्रोमीटर १.०३४ च्या आसपास तरंगत राहतो (पाणी १.०००; साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा). १.०५२ वरून निघालेल्या आणि १.००४ ला पोचायच्या बीअरने तोवर एक-तृतीयांशाहून जेमतेम थोडी जास्त वाट कापलेली असते. चव घ्यावी तर मिरपूड भुरभुरवलेलं गोड पाणी. नवखा माणूस इथे घाबरतो आणि पुढच्या दोन दिवसांत जे उपाय करतो, त्यांनीच बहुतेक वेळा बीअर कायमची अडते.

हे दोन ठरावीक यीस्टबद्दल आहे. वायीस्ट कंपनीचं ३७२४ आणि व्हाइट लॅब्ज कंपनीचं डब्ल्यूएलपी ५६५. दोन्हींचं मूळ बेल्जियममधल्या ब्रासरी ड्यूपाँचं मानलं जातं. वालोनियातल्या एनो प्रांतातलं तुर्प हे तिचं गाव, आणि तिथे १८४४ पासून बीअर होते. सेझाँ म्हणजे हंगाम. थंडीत करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतकामाच्या दिवसांत प्यायची, अशी या शेतघरच्या बीअरची परंपरा सांगतात. आज मात्र सेझाँ म्हटलं की जिभेवर येते ती बव्हंशी ड्यूपाँच्या ६.५ टक्क्यांच्या बाटलीची चव. फिकट सोनेरी रंग, काळी मिरी, संत्र्याची साल, भरपूर गॅस आणि शेवटी गोडव्याचा मागमूस नाही. हा शेवटचा कोरडेपणा याच यीस्टकडून मिळवायचा असतो, आणि नेमकं तिथेच ते पाय ओढतं. विकणारे हे लपवतही नाहीत. ३७२४ च्या वर्णनातच लिहिलेलं असतं की सुरुवात जोरात होईल, १.०३५ च्या सुमारास अडेल, वेळ आणि ऊब दिलीत तर पूर्ण होईल. अडचण एवढीच की ‘वेळ’ म्हणजे किती, हे त्या वर्णनातून कळत नाही.

पुढचे आकडे २० लिटरच्या एका आंबवणीच्या वहीतले आहेत.

पिल्सनर माल्ट (मोड आणून सुकवलेलं फिकट बार्ली) ३.८ किलो, गव्हाचं माल्ट ४०० ग्रॅम, साधी साखर २५० ग्रॅम. मॅशची, म्हणजे गरम पाण्यात माल्ट भिजवून साखर काढण्याची, कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर यातून २० लिटर वर्ट, म्हणजे आंबवायचा गोड रस, १.०५२ चं मिळतं. मॅशला पाणी १२.५ लिटर, ओतताना ७० अंश सेल्सियस, म्हणजे माल्ट मिसळल्यावर ६४ वर स्थिरावतं. या तापमानाला ९० मिनिटं. इथे घाई नको, कारण ६४ ला बीटा-अमायलेज हे एन्झाइम निवांत काम करतं आणि यीस्टला पचेल अशी साखर जास्तीत जास्त सुटते. मॅशचा पीएच ५.३. पाणी मऊ असेल तर ५ ग्रॅम जिप्सम. शेवटचा कोरडेपणा त्याने अधिक धारदार होतो. गव्हाच्या बीअरसारखी ४५ अंशांवरची पंधरा मिनिटांची पायरी इथेही सुचवली जाते. त्याने फेरुलिक आम्ल सुटतं आणि यीस्ट त्याचं लवंगेसारख्या वासात रूपांतर करतं. या यीस्टला त्याची गरज नाही, मसाला ते स्वतःच पुरेसा घालतं.

उकळ ९० मिनिटांची. पिल्सनर माल्टमध्ये उकडलेल्या मक्यासारख्या वासाच्या डायमिथिल सल्फाइडचं मूळ द्रव्य जास्त असतं, आणि ते तुटून सल्फाइड उडून जायला एवढा वेळ लागतो. झाकण उघडं ठेवायचं. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं): ५ टक्के अल्फा आम्लाचे ईस्ट केंट गोल्डिंग्ज ४० ग्रॅम शेवटच्या साठ मिनिटांसाठी आणि स्टायरियन गोल्डिंग्ज २० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांसाठी. कडवटपणा २७ आयबीयूच्या (कडवटपणाचं माप) आसपास येतो. साखरही शेवटच्या दहा मिनिटांतच. साखरेचं प्रमाण उगाच वाढवू नये. यीस्ट आधी सोपी साखर खातं, आणि ग्लुकोज भरपूर असेपर्यंत माल्टोज, म्हणजे वर्टमधली मुख्य साखर, आत घेण्याची तयारी पुढे ढकलतं. आधीच आढेवेढे घेणाऱ्या यीस्टला असं लाडावलं की त्रास वाढतो. २५० ग्रॅमला काही होत नाही. पाऊण किलो घालायची असेल तर तिसऱ्या दिवसापासून थोडी थोडी द्यावी.

आता यीस्टची संख्या. १.०५२ म्हणजे साधारण १३ अंश प्लेटो (साखरेची शेकडेवारी सांगणारं माप). मिलीलिटरमागे दर अंशाला साडेसात लाख पेशी हा एलचा, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बीअरचा, नेहमीचा हिशोब धरला तर २० लिटरला १९० अब्जाच्या घरात पेशी लागतात. ताज्या पाकिटात सुमारे १०० अब्ज असतात, आणि पाकीट फ्रीजमध्ये पडून असेल तर त्यातल्या जिवंत किती हा प्रश्न उरतोच. म्हणून दोन दिवस आधी यीस्ट वाढवायला दीड लिटरचा स्टार्टर: १५० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, दहा मिनिटं उकळून, गार करून, चुंबकी ढवळणीवर ३६ तास, २३ अंशांना. ढवळणी नसेल तर येता-जाता बाटली हलवावी. नंतर फ्रीजमध्ये एक रात्र, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि तळाची साय तेवढी वापरायची.

ऑक्सिजनकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. पेशींचं आवरण मजबूत व्हायला लागणारी स्टेरॉलं आणि असंतृप्त मेदाम्लं यीस्ट ऑक्सिजनशिवाय बनवू शकत नाही. हे आवरण पुढे ३२ अंशांच्या उबेत, अल्कोहोलमध्ये तीन आठवडे टिकायचं असतं. फर्मेंटर (आंबवायचं भांडं) हलवून, घुसळून हवेतून जास्तीत जास्त ८ पीपीएम ऑक्सिजन विरघळतो. शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला एक लिटर या गतीने एक मिनिट सोडला तर ९ च्या पुढे जातो. यीस्ट घालायच्या वेळी एकदाच. आंबणं सुरू झाल्यावर ऑक्सिजन देणं म्हणजे बीअर शिळी करण्याची सोय.

यीस्ट २० अंशांच्या वर्टमध्ये घातलं. इथे दोन टोकांचे सल्ले ऐकू येतात. एक म्हणतो पहिल्या तासापासून ३२ ठेवा, ड्यूपाँमध्येही आंबवण तिशीपार जाते. दुसरा म्हणतो २० च्या वर जाऊच नका. दोन्ही चूक. पहिले ३६ तास यीस्ट वाढतं, आणि त्या काळात तापमान जास्त असलं तर जड अल्कोहोलं तयार होतात. घशाला जाळणारी ती चव महिनोन्महिने ठेवून जात नाही. जोडीला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा एथिल अ‍ॅसिटेटचा वास येतो. वाढ संपल्यावर तीच ऊब निरुपद्रवी, किंबहुना आवश्यक. म्हणून चढती पायरी: पहिल्या रात्री २० ते २२, दुसऱ्या दिवशी २५, तिसऱ्या दिवशी २८, चौथ्या दिवशी ३०, पाचव्या दिवशी ३२. तिथून उतरायचं नाही.

पहिले तीन दिवस हे तापमान यीस्ट स्वतःच वाढवतं. आंबताना उष्णता सुटते, आणि २० लिटरची बादली खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज वर राहते. फसगत इथेच होते. यीस्ट मंदावलं की त्याची स्वतःची उष्णता बंद पडते, बादली खोलीच्या तापमानाला उतरते, आणि ज्या घडीला त्याला सर्वांत जास्त उबेची गरज असते त्याच घडीला ते गारठतं. गारठलं की गोळा होऊन तळाला बसतं. बाहेरून मात्र इतकंच दिसतं की यीस्ट थांबलं. म्हणून गरम ठेवायची सोय यीस्ट घालण्याआधी तयार हवी. अडल्यावर शोधाशोध करण्यात दोन दिवस जातात, आणि तेच दोन दिवस महागात पडतात.

सर्वांत भरवशाची सोय म्हणजे पाण्याची अंघोळ. मोठ्या टबात फर्मेंटर ठेवायचा, बाहेरचं पाणी आतल्या बीअरच्या पातळीपर्यंत भरायचं आणि त्यात मत्स्यटाकीचा १५० वॅटचा हीटर. बऱ्याच हीटरची तबकडी ३२ किंवा ३४ लाच संपते, तेव्हा घेताना पाहून घ्यावं. टबावर जुनी चादर किंवा फोम टाकला नाही तर बाष्पीभवनाने निम्मी उष्णता उडून जाते, पाणी रोज घटतं आणि हीटर उघडा पडून तडकतो. पाणी आणि वीज एकत्र आहेत, म्हणून गळती पकडणारा ट्रिप स्विच मध्ये हवाच. दुसरा मार्ग हीटिंग पट्ट्याचा. तापमान नियंत्रकाचा सेन्सर बादलीच्या बाजूला टेपने चिकटवून त्यावर फोमचा तुकडा दाबायचा, म्हणजे तो खोलीची हवा न मोजता बीअर मोजतो. पट्टा मध्यावर बांधावा. तळाशी, गाळाच्या पातळीला बांधला तर यीस्ट तिथेच शिजतं. काचेच्या मोठ्या बाटलीला (कार्बॉयला) पट्टा लावूच नये. एका बाजूने तापून काच तडकण्याची भीती असते.

एअरलॉक, म्हणजे गॅस बाहेर सोडून हवा आत येऊ न देणारी पाण्याची छोटी नळी, या आंबवणीत पहिल्या दिवसापासून लावला नव्हता. तोंडावर निर्जंतुक केलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल, सैल पण काठाखाली दुमडलेली. हे यीस्ट दाबाला नाजूक आहे, एअरलॉकमधल्या पाण्याचा दाबही त्याला सोसत नाही, असं अनेक अनुभवी ब्रूअर सांगतात. हिशोब मांडला तर हे कारण पटत नाही. एअरलॉकमध्ये पाणी दोन-तीन सेंटिमीटर असतं, आणि बादलीच्या तळाशी बसलेल्या यीस्टच्या डोक्यावर बीअरच ३० सेंटिमीटर असते. त्या दहापट दाबाची तक्रार नसताना या दोन सेंटिमीटरनेच रुसायचं कारण काय? फॉइलखालून थोडा ऑक्सिजन आत जातो आणि त्याचा फायदा होतो, हे स्पष्टीकरण अधिक पटतं. कारण काहीही असो, फॉइलला खर्च नाही आणि पहिल्या आठवड्यात जोखीमही नगण्य, कारण वरून गॅस सतत बाहेर येत असतो. ग्रॅव्हिटी १.०२० च्या खाली गेल्यावर मात्र एअरलॉक लावावा. गॅस मंदावलेला असतो आणि फळमाश्या टपलेल्याच असतात. एक माशी आत गेली तर अ‍ॅसिटिक आम्लाचे जिवाणू घेऊन जाते, आणि मग बीअरऐवजी व्हिनेगर मिळतं.

आता वही. दुसऱ्या दिवशी गंधकाचा वास, कुजलेल्या अंड्यासारखा. घाबरायचं नाही, तो गॅसबरोबर उडून जातो. तिसऱ्या दिवशी फेस बोटभर घट्ट, मळकट पांढरा, वर तपकिरी चिकट डाग. वास मिरीचा आणि संत्र्याच्या सालीचा. चौथ्या दिवशी सकाळी फेसाच्या जागी नुसती पातळ साय आणि बादलीच्या भिंतीवर सुकलेला तपकिरी पट्टा.

नमुना काढला. ३० अंशांच्या बीअरमध्ये हायड्रोमीटरने १.०३१५ दाखवलं. हायड्रोमीटर २० अंशांना प्रमाणित असेल तर ३० ला वाचलेल्या आकड्यात ०.००२५ मिळवावे लागतात. म्हणजे खरी ग्रॅव्हिटी १.०३४. हे न केल्यामुळे, आणि त्याहून जास्त म्हणजे नमुन्यातला गॅस न काढल्यामुळे, लोक चुकीचे आकडे लिहून बसतात. बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून वर उचलतात आणि आकडा फुगतो. नमुना दोन ग्लासांत दहा-बारा वेळा वरून ओतून घ्यावा, मगच मोजावा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) यापुढे नुसता वाचून उपयोग नाही; अल्कोहोल आल्यावर तो सूत्राने दुरुस्त केल्याशिवाय खोटं बोलतो.

मग प्रश्न असा की हा यीस्टचा नेहमीचा अडखळा आहे की आपली चूक. याचं उत्तर देणारी बरणी पहिल्या दिवशीच भरून ठेवलेली असावी: ३०० मिली वर्ट, त्यात गरजेच्या कितीतरी पट यीस्ट, तोंडावर फॉइल, ३० ते ३२ अंशांना, दिवसातून तीन-चार वेळा हलवून. ही जबरी आंबवण मुख्य बादलीच्या पुढे धावते आणि शेवटचा आकडा आधीच सांगते. या यीस्टच्या बाबतीत तिला दोन-तीन दिवस पुरत नाहीत, किमान आठवडा द्यावा. आठव्या दिवशी या बरणीत १.००५ होतं. म्हणजे वर्टमध्ये साखर आहे, मॅश बिघडलेला नाही, यीस्टला ती खाता येते. बादलीतलं फक्त खात नव्हतं. बरणीही १.०१८ ला थांबली असती तर दोष मॅशचा किंवा थर्मामीटरचा समजायचा.

१.०३४ ला वर्टमधलं माल्टोजसुद्धा बरंच शिल्लक असतं, त्यामुळे ही उपासमार नाही. या टप्प्यावर करायचं इतकंच: ३२ अंश टिकवायचे आणि रोज एकदा बादली हलकेच गोल फिरवून तळाचं यीस्ट वर आणायचं, न हिंदकळता. बाकी हात मागे. वही पुढे अशी आहे: पाचवा दिवस १.०३३, सहावा १.०३२, आठवा १.०२९, अकरावा १.०२२, चौदावा १.०१५, अठरावा १.००८, बावीसावा १.००५, सव्वीसावा १.००४, तिसावा १.००४. पाचव्या ते आठव्या दिवसांत फक्त चार अंक. फेस नाही, आवाज नाही. तोंडाशी कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते तेवढीच. या चार दिवसांतला बदल हायड्रोमीटरशिवाय कळतच नाही. नुसत्या बुडबुड्यांवर भिस्त ठेवणाऱ्याला हे यीस्ट मेलंय अशीच खात्री पटते.

या काळात जे करू नये त्याची यादी लांब आहे, पण सर्वांत घातक एकच: बीअर दुसऱ्या भांड्यात काढणं. ‘गाळावरून काढली की स्वच्छ होईल’ म्हणून काढली, तर जे यीस्ट काम करणार होतं तेच मागे राहतं. मग ती १.०३० ला खरोखरच मरते. पोषक द्रव्यं या टप्प्यावर टाकण्यात अर्थ नाही, ती उकळीत टाकायची असतात. ग्लुकोअमायलेज या एन्झाइमची पूड टाकली तर आकडा पडतो खरा, पण १.००० च्याही खाली घसरून बीअर पाणचट होते. कोरड्या यीस्टचं पाकीट सरळ वर शिंपडणंही वाया जातं. अल्कोहोल असलेल्या, ऑक्सिजन नसलेल्या, सोपी साखर संपलेल्या द्रवात सुकं यीस्ट उठून बसत नाही.

तरीही, ३२ अंशांना दहा दिवस ठेवूनही तीन दिवसांत एक अंकसुद्धा उतरत नसेल, तर दुसरं यीस्ट आणावं. लालेमांड कंपनीचं बेल सेझाँ हे सुकं यीस्ट ११ ग्रॅम, ३२ अंशांच्या ११० मिली पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, मग १.०४० च्या अर्धा लिटर वर्टमध्ये. त्यावर फेस चढला, जोर धरला की त्याच अवस्थेत पूर्ण बादलीत ओतायचं. आठवड्याभरात ते १.००३-१.००४ पर्यंत ओढून नेतं. चवीचं फारसं बिघडत नाही, कारण मिरीचा आणि फळाचा वास पहिल्या तीन दिवसांतच तयार झालेला असतो.

इथे कुणी विचारेल, मग सरळ बेल सेझाँ किंवा वायीस्टचं ३७११ च का वापरू नये? तीही सेझाँचीच यीस्ट आहेत, २२ अंशांना निमूटपणे दोन आठवड्यांत १.००३ ला पोचतात. घाईत असाल तर तीच वापरा, त्यात कमीपणा नाही. ३७११ ची बीअर कोरडी असूनही जिभेवर रेशमी लागते, आणि ती अनेकांना आवडते. पण ड्यूपाँच्या यीस्टची मिरी आणि तो करकरीत शेवट त्यातून येत नाही. दोन्ही यीस्ट पहिल्या दिवसापासून एकत्र घालायची पद्धतही आहे. तिच्यात अडखळा टळतो, पण दुसरं यीस्ट लवकर बाजी मारून जातं आणि पहिल्याचा ठसा पुसट होतो. दुसरं यीस्ट चौथ्या दिवसानंतरच घालावं.

३७२४, ३७११ आणि बेल सेझाँ या यीस्टमध्ये एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर यीस्ट ग्लुकोअमायलेज पेशीबाहेर सोडतं, आणि साध्या एल यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे, म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांचे, तुकडे करून खातं. शेवटचे दहा-बारा अंक इतके सावकाश का उतरतात, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे. मॅश चुकून ६८ ला झाला तरी ही बीअर अखेर कोरडीच होते, फक्त आणखी दोन आठवडे लागतात. त्यामुळेच बाटल्या भरण्याची घाई इथे धोक्याची आहे. ग्रॅव्हिटीचा एक अंक बंद बाटलीत उतरला तर सुमारे अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बीअरच्या आकारमानाइतका गॅस). १.०१० ला ‘झाली वाटतं’ म्हणून बाटल्या भरल्या आणि यीस्ट पुढे १.००३ पर्यंत गेलं, तर सात अंकांचा साडेतीन व्हॉल्यूम गॅस, वर बाटलीत घातलेल्या साखरेचा अडीच-तीन. साधी बीअरची बाटली याला पुरत नाही, ती फुटते. काच खोलीभर उडते. आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी तोच आकडा आल्याशिवाय बाटलीला हात लावू नये, आणि तो आकडा बरणीतल्या आकड्याच्या जवळपास हवा. इथे बरणीत १.००५ आणि बादलीत १.००४, सव्वीसाव्या आणि तिसाव्या दिवशी तोच. तेहतीसाव्या दिवशी पुन्हा तोच आल्यावर भरलं. अल्कोहोल ६.३ टक्के.

बाटलीतल्या साखरेचा हिशोब करताना बीअर आता किती गार आहे ते बघायचं नाही. आंबणं संपताना ती सर्वांत जास्त किती तापली होती ते बघायचं. ३२ अंशांना बीअरमध्ये जेमतेम ०.६५ व्हॉल्यूम गॅस उरतो. लक्ष्य ३ व्हॉल्यूम असेल तर २.३५ साखरेतून यायला हवेत. साध्या साखरेला लिटरमागे व्हॉल्यूमला ३.९ ग्रॅम लागतात. गाळ आणि नमुने जाऊन १८ लिटर उरली होती, म्हणून १६५ ग्रॅम. कपभर पाण्यात उकळून, गार करून, भरायच्या बादलीच्या तळाला ओतून त्यावर बीअर सोडली. जाड काचेच्या, शँपेनसारख्या बाटल्या, २४ अंशांना तीन आठवडे. इथेही यीस्ट आळशी असतं, पहिल्या आठवड्यात उघडून बघितली तर बाटली फुस्सदेखील करत नाही.

सफाईकडे नेहमीपेक्षा दुप्पट लक्ष द्यावं. हे यीस्ट नळाच्या आट्यात, रबरी वायसरमागे, मऊ प्लास्टिकच्या नळीत लपून राहिलं, तर पुढची साधी पेल एल बाटलीत महिनाभराने फसफसून बाहेर येते, आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो. नळ पूर्ण खोलून ६० अंशांच्या सोडियम परकार्बोनेटच्या पाण्यात भिजवावा, मग आम्लाचं निर्जंतुक द्रावण. नळ्या आणि वायसर सरळ बदलावेत. जमल्यास सेझाँची एक बादली वेगळीच ठेवून तिच्यावर मार्करने लिहून टाकावं.

तळाचं यीस्ट फेकू नये. दुसऱ्या पिढीत ते स्वभावाने बरंच निवळतं. घट्ट साय २०० मिली, उकळलेल्या बरणीत, फ्रीजमध्ये, दोन आठवड्यांच्या आत वापरायची. पुढच्या २० लिटरला स्टार्टर न करता तेवढीच पुरते. त्या फेरीत तापमानाची पायरी तीच ठेवली. पाचव्या दिवशी १.०२६, दहाव्या दिवशी १.०१२, सतराव्या दिवशी १.००४. बरणीचं झाकण मात्र घट्ट लावू नये, फ्रीजमध्येही ते यीस्ट थोडाथोडा गॅस सोडतच असतं.